कारण न विचारण्याचा ठराव

त्या रविवारी नेमबाज मंडळाच्या सभागृहात जेवढा आवाज झाला, तेवढा शेजारच्या रेंजवर वर्षभरात झाला नसेल. तो आवाज बंदुकांचा नव्हता, बंदुकांविषयीचा होता. बंदुकीचा बार एकदा होतो आणि संपतो. बंदुकीविषयी बोलणाऱ्या माणसाला तशी मर्यादा निसर्गाने घालून दिलेली नाही.

परंतु सभागृहात शिरण्यापूर्वी त्याच दिवशी सकाळी वकीलसाहेबांच्या स्वयंपाकघरात काय बोलणे झाले ते सांगितले पाहिजे. दुपारी जे उतू गेले ते तिथेच चुलीवर चढले होते.

वकीलसाहेब मंडळाचे अध्यक्ष. न्यायालयात त्यांनी किती खटले जिंकले याविषयी मतभेद होऊ शकतील. घरातला एकही वाद ते आजवर हरले नव्हते, याविषयी मात्र दोन्ही पक्षांचे एकमत होते. त्या सकाळी ते हात धुण्याच्या मोरीपासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून मोरीपर्यंत येरझारा घालीत दुपारच्या भाषणाची तालीम करीत होते. वकीलीणबाई मटार सोलत होत्या. मटारांहून त्यांचे लक्ष शेजारी ठेवलेल्या फोनकडे अधिक होते, कारण लेक पहाटेपासून प्रसूतिगृहात होती आणि जावयांचा फोन कोणत्याही क्षणी येणार होता.

"आज बंदूक मागतील," वकीलसाहेब खिडकीला उद्देशून म्हणाले, "उद्या स्वयंपाकघरातली सुरी मागतील!"

"सुरी मी आजच देते. धार कुठं राहिलीय तिला?"

"तू चेष्टेवर नेऊ नकोस. ठराव वाचलास का?"

ठराव त्यांनी वाचला होता; वकीलसाहेबांनी वाचला असेल त्याहून अधिक वेळा वाचला होता. तो डॉक्टरीणबाईंनी मांडला होता. डॉक्टरीणबाई मंडळाच्या जुन्या सभासद, आणि नेमबाजीत मंडळातल्या कंत्राटदारांसारख्या फुशारक्या मारणाऱ्यांना वर्षानुवर्षे दुसऱ्या क्रमांकावर बसवणाऱ्या. ठरावाचा मजकूर थोडका होता. सभासदाच्या घरातल्या किंवा जवळच्या नात्यातल्या कोणाही प्रौढ माणसाने मागणी केली, तर सभासदाने आपली बंदूक त्याच दिवशी मंडळाच्या शस्त्रागारात आणून ठेवावी. मालकी त्याचीच राहील, रेंजवर ती त्याला हवी तेव्हा मिळेल. मागणाऱ्याची हरकत असेतोवर घरी मात्र नेता येणार नाही. आणि मागणाऱ्याला कारण विचारू नये. आधीची वाक्ये लोकांनी कशीबशी गिळली असती. या शेवटच्या वाक्याने साऱ्यांच्या घशात हाड अडकले होते.

"बाळाला घेऊन ती कुठं जाणार आहे, ते आज ठरायचंय," वकीलीणबाई म्हणाल्या. "तिला इथंच यायचंय. पण घरात बंदूक असेल तर ती नाही येणार. सरळ सांगितलंय तिनं."

"तिनं मला कारण सांगावं. मी ऐकतो की!"

"सांगितलं तिनं."

"ते कारण नव्हे, तो प्रसंग झाला. प्रसंग आणि कारण यांत फरक असतो."

हा प्रसंग मागच्या हिवाळ्यातला. जावई पहाटेच्या गाडीने आले. कोणाची झोपमोड नको म्हणून पुढची घंटा न वाजवता मागच्या दाराची कडी हळूच सरकवू लागले. वकीलसाहेब जिन्यावरून दुनळी रोखून उतरले. "बाबा, मी! मी!" असे ओरडत जावयांनी हातातली बॅग चेहऱ्यासमोर धरली, जणू आतले दोन शर्ट आणि टॉवेल त्यांना वाचवणार होते. त्यानंतर जावई पोट धरून हसले, लेक रडली आणि वकीलसाहेबांनी चहा मागितला. तेव्हापासून जावई सासुरवाडीला यायचे झाले की कोपऱ्यावरून फोन करीत आणि फाटकातून हात वर करून आत शिरत. हा घरातला कायमचा विनोद होऊन बसला होता.

वकीलीणबाई या विनोदावर कधी हसल्या नाहीत. त्या पहाटे चहा ठेवताना त्यांनी सहज मागे वळून पाहिले होते. दाराआड उभे राहून वकीलसाहेब दुनळी उघडत होते, आणि तिच्यातून त्यांनी दोन काडतुसे तळहातावर काढून घेतली. घरी बंदूक रिकामी असावी, काडतुसे निराळ्या कुलपात असावीत, हा मंडळाचा पहिला नियम. त्या नियमाखाली अध्यक्ष म्हणून सही वकीलसाहेबांचीच. ही गोष्ट बाहेर गेली असती तर अध्यक्षपद त्याच दिवशी गेले असते, आणि परवानाही राहिला नसता. नवराबायकोची नजरानजर झाली. त्यावर दोघांपैकी कोणीही आजवर एक अक्षर काढलेले नव्हते. लेकीला फक्त रोखलेली बंदूक ठाऊक होती. ती भरलेली होती, हे नव्हे.

"अहो, नुसती नेऊन ठेवा ना तिकडं," वकीलीणबाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "ठरावबिराव राहू द्या. कुणाला सांगूही नका."

"चोरून? मी? ज्या गोष्टीला भर सभेत विरोध करायचा, तीच मागच्या दारानं करायची?"

"मागच्या दाराचं नाव तेवढं काढू नका."

वकीलसाहेब चपापले, पण क्षणभरच. त्यांचा युक्तिवाद खोटा नव्हता, हीच त्यातली अडचण होती. त्यांचे युक्तिवाद सहसा खोटे नसत. वकीलीणबाईंना नेहमी वाटे की आपल्याजवळही एखादे उत्तर आहे; ते फक्त संध्याकाळपर्यंत सुचत नाही, आणि संध्याकाळी सुचते तेव्हा न्यायालय उठलेले असते.

दुपारी सभागृह खच्चून भरले. सभासद पुढे, घरची माणसे मागच्या बाकांवर. घरच्यांनी ऐकावे, बोलू नये अशी पद्धत होती. दाराशी शस्त्रागार सांभाळणारे मामा उभे होते आणि येणाऱ्या प्रत्येकाचा फोन काढून घेऊन टोपलीत टाकत होते. मागच्या सभेत कोणाच्या तरी खिशातून ऐन मतदानाच्या वेळी लावणी वाजली होती. अध्यक्षांना आज तेवढी सवलत होती. त्यांचा फोन समोर टेबलावर होता, आणि नातवंडाची बातमी येणार हे ठाऊक असल्यामुळे त्याला सभेतल्या सन्माननीय पाहुण्यासारखे सगळे अधूनमधून न्याहाळत होते.

चर्चा सुरू झाली म्हणण्यापेक्षा फुटली म्हणणे रास्त ठरेल.

"कारण विचारायचं नाही म्हणजे काय?" कंत्राटदार उठून उभे राहिले. ते उभे राहिले की मागच्या दोघांना व्यासपीठ दिसत नसे. "उद्या माझी सासू सकाळी उठून म्हणाली, 'जावईबापू, बंदूक ठेवून या,' तर मी काय 'बरं सासूबाई' म्हणून पिशवी घेऊन निघायचं?"

"निघताच की रोज," चिटणीस मास्तर कागदावरून डोळे न उचलता म्हणाले. "तूर्त दूध आणायला निघता, एवढंच."

हशा पिकला. कंत्राटदार स्वतःही हसले. पण बसले नाहीत.

"आणि चोर आला म्हणजे?"

"तुझ्या घरी?" मागून कोणीतरी ओरडले. "तुझ्या घोरण्यानंच पळेल तो! रणगाडा उभा केलाय म्हणेल!"

"अहो, आम्ही परवाने काढले, तपासण्या दिल्या, परीक्षा दिल्या," दुसऱ्या रांगेतले एक गृहस्थ तावातावाने म्हणाले. "जो कायदा पाळतो त्यालाच आणखी एक नियम! जो पाळत नाही त्याचं काय?"

"जो पाळत नाही त्याला नियम लावून काय मिळणार?" मास्तर म्हणाले. "नियम पाळणाऱ्यालाच लावावा लागतो. शाळेत हयात गेली माझी, जी मुलं आली नाहीत त्यांच्यावर मला कधी ओरडता आलं नाही."

"मग तुम्ही ठरावाच्या बाजूचे!"

"मी चिटणीस आहे. मी कुणाच्याच बाजूचा नाही. फक्त चुकीचा युक्तिवाद ऐकला की मला खोकला येतो."

डॉक्टरीणबाई उठल्या तेव्हा आवाज थोडा खाली आला.

"मी कुणाची बंदूक हिसकावून घ्यायला आलेले नाही," त्या म्हणाल्या. "माझी स्वतःची घरी आहे. प्रश्न एवढाच आहे, की माझ्या मुलाला ती माझ्याकडून मागता यावी की नाही? मी विचारते 'का रे?', की तो गप्प बसतो. आईला कसं सांगायचं, की आई, हल्ली तुझं चित्त ठिकाणावर नसतं? तो गप्प बसतो, आणि बंदूक जिथल्या तिथं राहते. एका 'का'साठी."

"आकडे आणलेत का आकडे?" कंत्राटदारांनी विचारले.

"आणले होते. पण मी आकडे वाचले की तुम्ही मला सोडून आकड्यांशी भांडणार. ते बिचारे उलट बोलत नाहीत."

टाळ्या पडल्या, 'नाही नाही'चा गजरही झाला. आणि मग वकीलसाहेब ध्वनिक्षेपक हातात घेऊन उठले.

ते भाषण उत्तम होते. विरोधकांनीही नंतर ते कबूल केले. कारण न देता माणसाला कोठडीत घालता येत नाही, कारण न देता भाडेकरूला घराबाहेर काढता येत नाही; मग ज्याने एकही गुन्हा केला नाही, अशा माणसाच्या कपाटातून त्याची परवान्याची वस्तू कारण न देता का काढावी? कारण ही नागरिकाची पहिली ढाल होय. "कारण न देता शिक्षकालासुद्धा विद्यार्थ्याला वर्गाबाहेर घालवता येत नाही!"

"येतं," मास्तर म्हणाले.

"ज्याला कारण विचारता येत नाही," वकीलसाहेब हशाच्या वर आवाज चढवून म्हणाले, "तो नियम नव्हे, तो हुकूम! मी हट्टी माणूस नाही, मी वाजवी माणूस आहे. माझ्या घरच्यांनी मला कारण द्यावं. पटलं, तर मी याच पावली जाऊन बंदूक घेऊन येतो!"

सभागृह टाळ्यांनी दणाणले. मागच्या बाकावर वकीलीणबाई मात्र ताठ बसल्या. पटलं तर! त्यांचा अवघा संसार या दोन शब्दांच्या उंबऱ्याबाहेर उभा होता. ज्याला कारण पटवून द्यायचे तोच न्यायाधीश, आणि समोरच्या पक्षाचा वकीलही तोच, अशा न्यायालयात फिर्यादीने किती खरे बोलावे याला काही अर्थ उरत नाही. टाळ्या वाजवणाऱ्या हातांकडे त्यांनी पाहिले. ठराव पडणार, हे आंधळ्यालाही दिसले असते. ठराव पडला की लेक बाळाला घेऊन सासरी जाणार, आणि मग 'पुढच्या महिन्यात बघू', आणि मग 'जरा मोठं झालं की आणते'.

"तर आता मतदान," वकीलसाहेब म्हणाले. "ठरावाच्या बाजूनं ज्यांना—"

"थांबा!"

रेंजवर एक हाक असते. कोणी एकाने ती दिली की गोळीबार त्या क्षणी बंद. बंदूक उघडून समोरच्या बाकावर ठेवायची, नळीचे तोंड मोकळ्या बाजूला करायचे, एक पाऊल मागे सरायचे, दोन्ही हात दिसतील असे मोकळे ठेवायचे, आणि हाक देणाऱ्याने स्वतः 'चालू' म्हणेपर्यंत समोरच्या कशालाही स्पर्श करायचा नाही. हाक अध्यक्षाने दिली की झाडूवाल्याने, हे कोणी पाहत नाही. ती चुकून दिलेली ठरली तरी देणाऱ्याला कोणी बोलत नाही. ही सवय बुद्धीत राहत नसते. ती गुडघ्यांत आणि मनगटांत जाऊन बसते.

म्हणून त्या दुपारी जे दृश्य दिसले त्यात कोणाचाही विचार गुंतलेला नव्हता. पाऊणशे प्रौढ माणसे एकदम उठून एक पाऊल मागे सरली. खुर्च्या करकरल्या. मास्तरांनी पेन टेबलावर ठेवले. कंत्राटदारांना मागे सरायला जागाच नव्हती, म्हणून ते पोट आत ओढून उभे राहिले. आणि वकीलसाहेबांनी हातातला ध्वनिक्षेपक अलगद टेबलावर आडवा ठेवला, त्याचे तोंड काळजीपूर्वक भिंतीकडे वळवले, आणि हात मोकळे करून ते एक पाऊल मागे झाले.

सगळ्यांनी मग वळून पाहिले. मागच्या बाकांत एकट्या वकीलीणबाई उभ्या होत्या, आणि हाक आपण दिली यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता.

"काय झालं, बाई?" कंत्राटदारांनी श्वास रोखून विचारले. "उंदीर?"

"काही झालं नाही."

"मग थांबवलंत का?"

"आता विचारताय," वकीलीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "थांबलात तेव्हा नाही विचारलंत. कुणीच नाही."

"अगं, ही रेंज नव्हे," वकीलसाहेब हात तसेच मोकळे धरून म्हणाले. "इथं कुणाच्या हातात बंदूक आहे?"

"मग तुम्ही मागं का सरलात?"

वकीलसाहेबांनी मागे सरलेल्या आपल्या पायांकडे पाहिले. ज्यांनी त्यांना न्यायालयात ऐकले होते, त्यांनी एकमेकांकडे पाहिले. अखेर ते मास्तरांकडे वळले. "चिटणीस, ही हाक वैध आहे का?"

"बाहेरच्या पाटीवर 'मंडळाच्या आवारात' असं आहे," मास्तर म्हणाले. "'रेंजवर' असं नाही. सभागृह आवारात येतं. आणि 'कोणीही' असं आहे. मी 'कोणीही सभासद' सुचवलं होतं, आपण खोडलंत."

"का खोडलं?" कंत्राटदारांनी विचारले.

"कारण," वकीलसाहेब सवयीने ताडकन म्हणाले, "धोका सभासदालाच दिसेल असं नाही. बंदूक ज्याच्या हातात असते त्याला तर तो सगळ्यात शेवटी—"

वाक्य तिथेच राहिले. आपले म्हणणे दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे तसे ते त्यांनी ऐकले होते.

"माझ्याजवळ कारण आहे," वकीलीणबाई म्हणाल्या. आता त्या फक्त नवऱ्याशी बोलत होत्या. "एकच आहे आणि चांगलं आहे. इथं सांगितलं तर सगळ्यांना पटेल. पण मी सांगणार नाही. इथं नाही आणि घरीही नाही."

त्या सभागृहात दोनच माणसांना त्या वाक्याचा अर्थ कळला. डॉक्टरीणबाईंना कदाचित अर्धा कळला असावा, कारण त्यांनी मान खाली घातली. वकीलसाहेबांना स्वतःचा तळहात दिसला आणि त्यावरची दोन काडतुसे दिसली. जन्मभर ते बायकोकडे कारण मागत आले होते. आज तिच्याजवळ असे कारण होते की ज्यापुढे त्यांचा एकही युक्तिवाद टिकला नसता; आणि त्यांची अब्रू झाकून ती ते मुठीत धरून उभी होती. जे वाक्य ते दुपारभर फाडत होते, त्याच वाक्याच्या आडोशाला ते या घटकेला उभे होते.

आणि फोन वाजला.

तो टेबलावर थरथरू लागला, आणि टेबलाला किंचित उतार असल्यामुळे गुरगुरत कडेकडे सरकू लागला. वकीलसाहेबांनी हात पुढे केला आणि विस्तवाजवळ गेल्यासारखा मागे घेतला. हाक अजून उठली नव्हती.

"उचला ना!" कोणीतरी ओरडले.

"हाक आहे!" दुसरे ओरडले.

"अहो, पण नातवंड!"

"हाक म्हणजे हाक!"

दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून वकीलसाहेब फोनवर वाकले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "जावई!" ते ओरडले. "जावयांचा आहे! अगं, चालू म्हण!"

"चालू म्हणा, बाई!" पहिली रांग ओरडली.

"बाई, चालू! चालू म्हणा!" सारे सभागृह हात वर करून विनवू लागले. बाहेरून कोणी पाहिले असते तर एका बाईने पाऊणशे नेमबाजांना लुटायला धरले आहे, असेच वाटले असते.

वकीलीणबाईंची नजर सरकणाऱ्या फोनवर खिळली होती. ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता. फोन कडेला आला, अर्धा बाहेर लोंबला, क्षणभर तोलला—

"चालू! चालू! अहो, उचला मेलं ते!"

वकीलसाहेबांनी फोन हवेतच झेलला. त्या वयात त्यांनी तशी उडी मारावी हे डॉक्टरीणबाईंना मुळीच पसंत पडले नाही. बाकावरून, खुर्च्यांमधून, कंत्राटदारांच्या पोटाला वळसा घालून वकीलीणबाई धावत पुढे आल्या.

"हो, हो, बोला," वकीलसाहेब म्हणत होते. "कधी?... आत्ताच?... आणि दोघी?... दोघी बऱ्या आहेत ना?"

"दोघी म्हणाले!" कंत्राटदार गर्जले. "दोघी! मुलगी झाली!"

मग जे झाले त्याला टाळ्या म्हणणे अपुरे होईल. दुसऱ्या रांगेतल्या गृहस्थांनी मास्तरांना मिठी मारली. दोघे दहा मिनिटांपूर्वी एकमेकांचे शत्रू होते. "शू! शू! लेक बोलतेय!" असे वकीलसाहेबांनी हाताने दटावले तेव्हा कुठे सारे गप्प झाले. ते टेबलावर रेलून बोलत होते, आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलेला ध्वनिक्षेपक सुरूच आहे हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. लेकीचा थकलेला, हसरा आवाज साऱ्या सभागृहात उमटला.

"बाबा, नाक तुमच्यावर गेलंय. आई आहे का तिथं?... आणि बाबा, आम्ही कुठं यायचं? सासूबाई विचारताहेत. त्यांना खोली लावून घ्यायची आहे."

वकीलसाहेब ताठ झाले. पाऊणशे माणसे त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. त्यांनी मात्र बायकोच्या तोंडाकडे पाहिले.

"आधी तू मला सांग—" त्यांनी सुरुवात केली, आणि ते थांबले. थांबणे हे त्यांच्या जिभेला इतके अनोळखी होते की पुढचा शब्द सापडायला वेळ लागला. "काही सांगू नकोस. घरी ये."

"पण बाबा, ती—"

"घरी यायच्या आत ती इथं आलेली असेल. मी का म्हणून विचारत नाहीये. तूही विचारू नकोस."

पलीकडून रडण्याचा आवाज आला. तो लेकीचा की तिच्या लेकीचा, यावर सभागृहात तात्काळ दोन पक्ष पडले.

मतदान त्यानंतर झाले, कारण मास्तर होते आणि कार्यक्रमपत्रिकेवरचा विषय अर्धवट सोडणे त्यांच्या प्रकृतीला मानवत नसे. हात वर झाले तेव्हा मोजायची गरज पडली नाही. कंत्राटदारांचाही हात वर होता. "सासूबाईंना कुणी सांगू नका," एवढेच ते म्हणाले. विरोधात मोजके हात उठले, आणि त्यांत सगळ्यात ताठ हात अध्यक्षांचा होता.

"हे काय हो?" कंत्राटदार थक्क होऊन म्हणाले. "आत्ताच तर लेकीला शब्द दिलात!"

"शब्द लेकीला दिला, ठरावाला नाही," वकीलसाहेब म्हणाले. "मला थांब म्हटलं, मी थांबलो. म्हणून हा मसुदा निर्दोष ठरत नाही. त्यात तीन मोठ्या त्रुटी आहेत. ठराव मंजूर झाल्याचं मी जाहीर करतो."

सभेचा चहा निवायच्या आत नवराबायको घरी जाऊन परत आली. वकीलसाहेबांनी शस्त्रागाराच्या खिडकीशी दुनळी उघडून धरली, दोन्ही नळ्या उजेडाकडे करून मामांना आरपार पाहायला लावले. मामा 'दिसलं साहेब, दिसलं' म्हणत असतानाही त्यांनी ती पुन्हा एकदा दाखवली. वकीलीणबाईंनी ते पाहिले, आणि त्या गाडीत जाऊन बसल्या.

"मागणी कुणाची?" मामांनी विचारले.

"माझ्या बायकोची."

"वहिनींची? आँ? का बरं, साहेब? घरी काही—"

"मामा!" वकीलसाहेब असे कडाडले की खिडकीची काच झणझणली. "कारण विचारायचं नाही! नियम आहे!"

"पण साहेब, तुम्ही तर विरोधात—"

"होतो! आहे! म्हणूनच मला तो तोंडपाठ आहे. जो विचारेल त्याची मी स्वतः तक्रार करीन. आता या ठरावातल्या त्रुटी ऐकून घ्या. पहिली म्हणजे मागणी कुणाकडे नोंदवायची, याचा उल्लेखच नाही. दुसरी, मागणाऱ्यानं हरकत मागं घेतली हे ठरवायचं कुणी—"

फाटकाशी गाडीचा भोंगा वाजला. मग पुन्हा वाजला, आणि या खेपेला वाजतच राहिला.

"अहो!" वकीलीणबाईंचा आवाज आला. "चला की! तुमची तिसरी त्रुटी होईपर्यंत पोरगी शाळेत जाईल!"

वकीलसाहेबांनी एक बोट वर धरलेले होते. दुसऱ्या त्रुटीचा सर्वांत भक्कम मुद्दा नेमका आता यायचा होता. त्यांनी मामांकडे पाहिले, गाडीकडे पाहिले. आणि वाक्य तसेच अर्ध्यावर सोडून ते फाटकाकडे धावत सुटले.